तुटक आकड्यांतून सलग उतार

संगणकाच्या पडद्यावर कवटी, टेकडी किंवा पुतळा गोलाईसकट दिसतो तो छायाप्रकाशामुळे. पृष्ठाचा एखादा बिंदू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळल्याशिवाय तिथे उजेड किती पडेल हे ठरवता येत नाही. या दिशेला ग्राफिक्सवाले नॉर्मल म्हणतात आणि ती बहुतेक वेळा ग्रेडियंटवरून काढतात. मूल्य कुठल्या दिशेने सर्वांत वेगाने वाढते आणि किती वेगाने, हे ग्रेडियंट सांगतो. सूत्र हाती असेल तर विकलन करायचे, काम संपले. पण सीटी स्कॅन, उंचीचे नकाशे आणि लेझर स्कॅनर यांच्याकडून सूत्र येत नाही. येतात ते ठरावीक जागी मोजलेले आकडे. दोन आकड्यांच्या मधे काय आहे ते कुणी मोजलेलेच नसते.

त्या न मोजलेल्या जागेत सलग, गुळगुळीत आणि तरीही विश्वासार्ह ग्रेडियंट कसा मिळवायचा, या प्रश्नाला आता अर्धशतक होऊन गेले. त्याला एकच उत्तर नाही, पण उत्तरांची काही ठळक घराणी आहेत. वाद वरवर सूत्रांचा दिसतो. माझ्या मते तो मुळात न मोजलेल्या जागेबद्दल आपण काय गृहीत धरतो याचा आहे. हे गृहीतक उघडपणे मांडले की प्रत्येक पद्धतीचे गुणदोष बऱ्याच अंशी समजून येतात, म्हणून या आढाव्यात प्रत्येक पद्धतीला तोच प्रश्न विचारला आहे.

सुरुवात: बहुभुजांपासून व्हॉक्सेलपर्यंत

आरंभ युटा विद्यापीठात झाला. आँरी गुरो यांनी 1971 मध्ये बहुभुजांनी बनलेल्या पृष्ठावरचे कंगोरे लपवण्याची युक्ती दिली: शिरोबिंदूला लागून असलेल्या बहुभुजांच्या नॉर्मलची सरासरी घ्यायची, तिथला उजेड काढायचा आणि मधल्या जागेत तो उजेड हळूहळू बदलत न्यायचा. बुई तुआंग फाँग यांनी 1973 च्या प्रबंधात उजेडाऐवजी नॉर्मलच मधे पसरवला. त्यामुळे चकाकीचे ठिपके योग्य जागी दिसू लागले. दोघांनीही खरे पृष्ठ कसे आहे हे शोधले नव्हते. ते गुळगुळीत आहे असे मानून दिशा ठरवल्या होत्या. 'गुळगुळीत' हे गृहीतक असे पहिल्या दिवसापासून या विषयात आहे.

पुढचे वळण वैद्यकीय चित्रांनी दिले. 1986 मध्ये होन आणि बर्नस्टाइन यांनी सीटीच्या करड्या छटांतील फरकावरूनच नॉर्मल काढून दाखवला. 1987 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी मार्चिंग क्यूब्स ही पद्धत मांडली. तीत घनाच्या कोपऱ्यांवर ग्रेडियंट काढून तो त्रिकोणांच्या शिरोबिंदूंपर्यंत आणला जातो. 1988 मध्ये मार्क लेव्हॉय यांनी त्रिकोण न बनवता थेट व्हॉक्सेलमधून, म्हणजे त्रिमितीतल्या जाळीच्या एकेका आकड्यावरूनच चित्र काढले. या सर्वांच्या मुळाशी एकच साधे सूत्र होते: उजवीकडचा आकडा वजा डावीकडचा, भागिले मधले अंतर. यालाच सेंट्रल डिफरन्स म्हणतात.

अडचण नेमकी कुठे आहे

सूत्र सोपे आहे म्हणून त्याच्या खोड्या लगेच दिसत नाहीत. सीटीतल्या एका ओळीत स्नायूकडून हाडाकडे जाताना हाउन्सफील्ड मोजमापात 40, 40, 40, 400, 700, 700 असे आकडे आले असे समजू. तिसऱ्या जागी फरक येतो (400 − 40) ÷ 2, म्हणजे 180. चौथ्या जागी 330, पाचव्या जागी 150. कड कुठे आहे हे अगदी स्वच्छ कळते. आता स्नायूच्या आतल्या भागात मोजणीच्या नॉइजमुळे 40, 55, 30 असे आले, तर मधल्या आकड्यापाशी ग्रेडियंट येतो उणे 5. हा नगण्य आहे. पण छायाप्रकाशासाठी ग्रेडियंटची लांबी एक करून घेतात, फक्त दिशा ठेवतात. त्यामुळे या उणे 5 ला 330 इतकाच मान मिळतो, आणि स्नायूभर वाटेल त्या दिशांचे ठिपके उमटतात. लेव्हॉय यांनी दोन ऊतींच्या सीमेवरची अपारदर्शकता ग्रेडियंटच्या तीव्रतेने गुणली. ठिपके बरेच मागे गेले, दिशा मात्र चुकीचीच राहिली.

दुसरी खोडी अशी की 10, 20, 10, 20 अशी मालिका आली तर सेंट्रल डिफरन्स सगळीकडे शून्य देतो. कारण तो एक सोडून एक आकडा पाहतो. जाळी जितका बारीक तपशील पकडू शकते त्याच्या टोकाशी हे सूत्र आंधळे होते.

तिसरी खोडी तर कारागिरीतली आहे, आणि नवख्यांच्या कामात आजही सापडते. सीटीच्या एका कापात पिक्सेलमधले अंतर 0.7 मिलिमीटर असेल आणि दोन कापांमधले 3 मिलिमीटर, तर फरकाला त्या त्या दिशेच्या अंतराने भागायलाच हवे. न भागल्यास कापांच्या दिशेचा घटक चार पटींहून मोठा येतो आणि सगळे पृष्ठ त्या दिशेला झुकल्यासारखे दिसते. तसेच 12 बिटांतले 4096 स्तर मेमरी वाचवण्यासाठी 8 बिटांत कोंबले की मूळचे 16 स्तर एकात मिसळतात. मंद उताराच्या भागात मग ग्रेडियंटला घेण्याजोग्या किमतीच मोजक्या उरतात, आणि गुळगुळीत पृष्ठावर पट्टे दिसतात. हे पट्टे पाहून बरेच जण सूत्र बदलत बसतात. दोष साठवणुकीचा असतो.

यामागचे गणित निष्ठुर आहे. सेंट्रल डिफरन्समधली दोन आकड्यांतली पायरी निम्मी केली तर सूत्राची स्वतःची चूक सुमारे चौथाईवर येते, पण नॉइजचा परिणाम दुप्पट होतो. विकलन ही क्रियाच मुळी डेटातला किंचित फरक मोठा करून दाखवणारी आहे. गणिती हादामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांना अस्थिर प्रश्न म्हणून वेगळे काढले, त्या जातीचा हा प्रश्न. गृहीतक जोडल्याशिवाय तो सुटत नाही, आणि कोणते गृहीतक जोडायचे यावरून मते फुटतात.

पहिले मत: आधी फरक, मग इंटरपोलेशन

व्यवहारात सर्वाधिक वापरली जाणारी वाट हीच. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर ग्रेडियंट काढायचा आणि मधल्या जागी तो शेजाऱ्यांवरून पसरवायचा, म्हणजे इंटरपोलेशन करायचे. नॉइज जास्त असेल तर फक्त दोन शेजारी न घेता 3×3 किंवा 3×3×3 ची खिडकी घेऊन बाजूच्या ओळींनाही वजन द्यायचे. प्रतिमांसाठीचे सोबेलचे सूत्र आणि झुकर व हमेल यांनी 1981 मध्ये दिलेला त्रिमितीतला कारक या प्रकारातले.

उंचीच्या नकाशांत हाच वाद दोन सूत्रांच्या रूपाने रोजच्या कामात आला आहे. बर्थोल्ड हॉर्न यांचे 1981 चे सूत्र आठही शेजाऱ्यांना वजन देते. झेव्हनबर्गन आणि थॉर्न यांचे 1987 चे सूत्र उतारासाठी फक्त समोरासमोरचे चार शेजारी घेते. जीडीएएल या मुक्त प्रणालीत दोन्ही आहेत. खडबडीत भूभागाला हॉर्न आणि सौम्य भूभागाला दुसरे, असा सल्ला तिच्या माहितीपुस्तिकेत आहे.

सह्याद्रीचे उदाहरण इथे उपयोगाचे आहे, कारण बेसॉल्टचे उभे कडे हा उंचीच्या आकड्यांना मोठा जाच आहे. 30 मीटरच्या जाळीत 900, 900, 900, 600, 600, 600 अशी ओळ घ्या: पठार, सरळ तुटलेला 300 मीटरचा कडा आणि खालची सपाटी. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीत उतार येतो 300 भागिले 60, म्हणजे सुमारे 79 अंश. खरा कडा 90 अंशांचा आहे आणि तो दोन चौकटींच्या मधे आहे. या दोन्ही चौकटी स्वतः सपाट आहेत. सूत्राने कड्याचा उतार कमी केलाच, शिवाय तो पठाराच्या काठावर आणि पायथ्यावर वाटून दिला. छायाचित्रणापुरते हे चालते, नकाशा देखणा दिसतो. दरडीचा धोका मोजायला हेच आकडे वापरले तर मात्र आधी हे वाटप लक्षात घ्यावे लागते.

दुसरे मत: आधी सलग फंक्शन, मग त्याचेच विकलन

या मताचे लोक म्हणतात, चित्रासाठी मधल्या जागेत मूल्य काढताना आपण एक सलग फंक्शन मानतोच, मग ग्रेडियंटही त्याचाच असला पाहिजे. मूल्य एका पृष्ठाचे आणि नॉर्मल दुसऱ्याच पृष्ठाचा, ही विसंगती त्यांना मान्य नाही. तात्त्विकदृष्ट्या हे म्हणणे बळकट आहे. पण नेहमीचे त्रिरेषीय इंटरपोलेशन घेऊन त्याचे विकलन केले तर ग्रेडियंट प्रत्येक घनाच्या भिंतीवर उडी मारतो आणि चित्रात जाळीच उमटते. म्हणून वरच्या दर्जाचे फंक्शन लागते. घन बी-स्प्लाइन, म्हणजे तिसऱ्या घाताच्या तुकड्यांनी गुळगुळीत जोडलेले फंक्शन, घेतली तर ग्रेडियंट सलग असतो आणि त्याचा बदलही सलग असतो. तिची अडचण अशी की आकडे जसेच्या तसे वापरले तर ती त्यांच्यामधून न जाता जवळून जाते, म्हणजे डेटा आपोआप थोडा गाळला जातो. ते टाळायला आकड्यांवर आधी एक उलटी गाळणी चालवावी लागते. स्प्लाइनची ही बाजू मायकेल उन्सर यांनी सविस्तर मांडली.

खर्चाचा आक्षेप बराचसा मिटला आहे. त्रिमितीत घन स्प्लाइनला एका बिंदूसाठी 64 आकडे वाचावे लागतात. सिग आणि हॅडविगर यांनी 2005 मध्ये दाखवले की ग्राफिक्स कार्डाला फुकट मिळणारे त्रिरेषीय वाचन हुशारीने वापरले तर 8 वाचनांत तेच उत्तर मिळते.

या दोन मतांची नीट तुलना 1997 मध्ये मोलर, मचिराजू, म्युलर आणि यागेल यांनी केली. फरक आणि इंटरपोलेशन अशा दोन पायऱ्यांच्या तीन पद्धती अचूकतेत सारख्याच ठरतात आणि सलग फंक्शनचे थेट विकलन हा वेगळा वर्ग आहे, असे त्यांनी दाखवले. स्वस्त पद्धत काही वेळा वरच्या दर्जाच्या पद्धतीपेक्षा अधिक अचूक असते, हाही त्यांचाच निष्कर्ष. हा निबंध मी या विषयातला कळीचा मानतो, कारण 'दर्जा जितका वरचा तितका ग्रेडियंट चांगला' ही समजूत त्याने मोडली.

2010 मध्ये अलीम, मोलर आणि कोंदा यांनी या वादाला वेगळे वळण दिले. लागोपाठच्या दोन आकड्यांचा फरक हा खरे तर त्यांच्या मधल्या बिंदूचा उतार असतो. आपण तो सवयीने एका टोकाला चिकटवतो. त्यांनी पुनर्रचनेची, म्हणजे मधली मूल्ये काढणारी, गाळणी अर्ध्या पायरीने सरकवून या मध्यबिंदूंवर आणली आणि तेवढ्यानेच ग्रेडियंटचा दर्जा ठळकपणे सुधारला. जाळी नेहमीची चौकोनीच हवी असेही नाही. घनाच्या केंद्रात आणखी एक बिंदू असलेल्या जाळीत तीच माहिती सुमारे 30 टक्के कमी नमुन्यांत मावते, हे 2001 पासून ग्राफिक्समध्ये माहीत आहे. अलीम यांची गाळणी दोन्ही जाळ्यांवर चालते. इतकी किफायत असूनही ती जाळी स्कॅनरांच्या जगात रुळली नाही.

तिसरे मत: आकड्यांवर विश्वास कमी, शेजारावर जास्त

वरची दोन्ही मते आकडे खरे मानतात. तिसरे मत मानते की आकडे थोडे खोटे आहेत. म्हणून शेजारच्या आकड्यांमधून एक सपाट किंवा किंचित वक्र पृष्ठ कमीत कमी वर्गचुकीने बसवायचे आणि त्याचा उतार घ्यायचा. सविट्झ्की आणि गोले यांनी 1964 मध्ये रसायनशास्त्रातल्या आलेखांसाठी हे केले. 2000 मध्ये नॉयमन, चेबफाल्वी, क्योनिग आणि ग्रोलर यांनी ते त्रिमितीय डेटात आणले. त्यात ग्रेडियंटसोबत गाळलेले मूल्यही मिळते, त्यामुळे मूल्य आणि नॉर्मल यांची सुसंगती राखता येते.

याची किंमत म्हणजे बारीक तपशील. खिडकी मोठी केली की नॉइजबरोबर कवटीच्या शिवणीही पुसल्या जातात. म्हणून कड आली की गाळणे थांबवायचे, असे उपाय आले: पेरोना आणि मलिक यांचे 1990 चे दिशाभान असलेले विसरण, तोमासी आणि मांदुची यांची 1998 ची बायलॅटरल गाळणी. पण कड कुठे आहे हे ग्रेडियंटवरूनच कळते आणि ग्रेडियंट नीट काढायला कड माहीत हवी. हे चक्र अजून कुणी पुरते तोडलेले नाही, फक्त फेऱ्या मारून उत्तराच्या जवळ जाता येते.

जाळी वाकडीतिकडी असेल तेव्हा

त्रिकोणांच्या जाळीवर गुरो यांची साधी सरासरी लगेच फसते. एका घनाची प्रत्येक बाजू दोन त्रिकोणांत कापली की काही कोपऱ्यांना एका बाजूचे दोन त्रिकोण लागतात, दुसऱ्या बाजूचा एकच. सरासरी त्या दोन त्रिकोणांच्या बाजूला कलते, मग घन तोच असला तरी. 1998 मध्ये थ्यूरमर आणि व्यूथरिख यांनी प्रत्येक त्रिकोणाला कोपऱ्यातल्या कोनाइतके वजन द्यायला सांगितले. 45 आणि 45 मिळून पुन्हा 90 च होतात, म्हणून कापण्याच्या पद्धतीचा परिणाम उरत नाही. पुढच्याच वर्षी नेल्सन मॅक्स यांनी गोलावरच्या शिरोबिंदूंसाठी अचूक उत्तर देणारी वजने दिली. 'सर्वोत्तम' वजन कोणते हे पृष्ठ कसे मानले यावर अवलंबून आहे, हे या दोन निबंधांइतके स्पष्ट कुठे दिसत नाही.

चतुष्फलकांच्या अनियमित जाळ्यांकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. त्या जाळ्यांवरची चित्रे बहुतेक छायाप्रकाशाविनाच काढली जात, असे कोरेया, हीरो आणि मा यांनी 2011 च्या तुलनेत नोंदवले. जाळीचा आकार बिघडला की अचूकता घसरते, आणि एकच पद्धत सगळीकडे पुरत नाही, म्हणून त्यांनी मिश्रण सुचवले.

सगळे क्षेत्र एकदम

आतापर्यंतच्या पद्धती शेजारापुरत्या होत्या. ग्रेडियंटचे क्षेत्र हे कुठल्यातरी फंक्शनचे उतार असेल तर त्यात फिरून पुन्हा मूळ जागी आल्यावर एकूण चढ-उतार शून्य झाला पाहिजे. प्रत्येक बिंदूवर वेगवेगळे गाळले, लांबी एक केली, कडांवर हात राखला, की ही अट मोडते. तेव्हा दिसायला सुंदर क्षेत्र मिळते, पण असे उतार असलेले पृष्ठच अस्तित्वात नसते. फ्रँकॉट आणि चेल्लप्पा यांनी 1988 मध्ये मोजलेल्या उतारांना सर्वांत जवळचे वैध क्षेत्र शोधण्याची रीत दिली. 2006 ची काझदान, बोलिथो आणि होप यांची पॉइसन पुनर्रचना याच विचारावर उभी आहे: बिंदूंच्या ढगातले नॉर्मल हे एका गुळगुळीत क्षेत्राचे नमुने मानायचे आणि ज्याचा ग्रेडियंट त्या क्षेत्राच्या सर्वांत जवळ जाईल असे फंक्शन सोडवायचे. पृष्ठ फार गुळगुळीत होते, या तक्रारीवर काझदान आणि होप यांनीच 2013 मध्ये मूळ बिंदूंना जास्त मान देणारी सुधारणा केली.

मला ही दिशा सर्वांत आशादायक वाटते, कारण इथे गृहीतक समीकरणातच लिहिलेले असते. मात्र सगळे समीकरण एकदम सोडवावे लागते, आणि एका कोपऱ्यातली चूक दूरवर पसरू शकते.

न्यूरल क्षेत्रे आणि जुन्या सूत्राचे पुनरागमन

2020 पासून आकडे जाळीत न ठेवता न्यूरल नेटवर्कमध्ये साठवण्याची लाट आली. नेटवर्क हे सूत्रच असल्याने ग्रेडियंट हवा तितका अचूक मिळणार, असे वाटले होते. सिट्झमन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये साइन फंक्शनवर चालणारे नेटवर्क मांडले तेही विकलने नीट यावीत म्हणूनच. प्रत्यक्षात, फोटोंवरून शिकलेल्या घनतेचा ग्रेडियंट इतका खडबडीत निघाला की 2022 च्या रेफ-नर्फ या पद्धतीत नॉर्मल नेटवर्ककडून वेगळा वदवून घेऊन त्याची ग्रेडियंटशी सांगड घालावी लागली.

सर्वांत बोलके उदाहरण 2023 च्या न्यूरलँजेलो या पद्धतीचे. त्यात आकडे अनेक स्तरांच्या जाळ्यांत असतात आणि मधले मूल्य त्रिरेषीय इंटरपोलेशनने येते. अचूक विकलन घेतले तर ते एकाच घनापुरते पाहते आणि भिंतीवर उडी मारते, म्हणजे 1990 च्या दशकातलीच तक्रार. त्यावर तिच्या कर्त्यांनी अचूक विकलन सोडून पायरी घेऊन फरक काढण्याचा मार्ग धरला. सुरुवातीला पायरी मोठी ठेवली आणि शिकता शिकता लहान केली. आधी ठळक आकार, मग तपशील. पायरीची लांबी हेच गुळगुळीतपणाचे बटण झाले.

काय बाकी आहे

या पद्धती तोलायच्या मोजमापावरच एकमत नाही. 1994 मध्ये मार्शनर आणि लॉब यांनी एक कठीण चाचणी-फंक्शन दिले. ते 40×40×40 नमुन्यांत जेमतेम मावते, त्यामुळे गाळणीचे दोष लगेच उघडे पडतात. त्यावर अनेक पद्धती तोलल्या गेल्या. पण त्यात नॉइज नाही आणि तीव्र कडाही नाहीत. त्यात पहिली आलेली पद्धत खऱ्या स्कॅनवर मागे पडू शकते. शिवाय आकड्यांतली चूक आणि डोळ्याला खटकणारी चूक एक नव्हे: कोनाची सरासरी चूक कमी असूनही चकाकीच्या पट्ट्यात लहर दिसली तर तज्ज्ञ ती पद्धत नाकारतो.

डेटाच्या सीमेवर शेजारी संपतात तिथे काय करावे, हा प्रश्न बहुतेक निबंध एका वाक्यात उरकतात. वेळेनुसार बदलणाऱ्या डेटात ग्रेडियंट प्रत्येक क्षणी वेगळा गाळला की पृष्ठ थरथरते, यावरही ठरलेला उपाय नाही.

आणि खात्रीचा प्रश्न तर आणखी मोठा आहे. नॉइज किती आहे हे माहीत असेल तर प्रत्येक नॉर्मल किती अंशांनी डळमळीत आहे हे काढता येते. तरीही चित्रात तो आकडा सहसा येत नाही. कवटीचा एखादा भाग गुळगुळीत दिसतो तो हाड तसे आहे म्हणून की खिडकी मोठी घेतली म्हणून, हे पडद्याकडे पाहणाऱ्या शल्यविशारदाला कळायचा मार्ग नसतो. ही खात्री प्रत्येक व्हॉक्सेलसोबत साठवायची तर मेमरी वाढते. ती दाखवायची रंगाने, धूसरपणाने की पृष्ठाच्या जाडीने, यावर मते वेगवेगळी आहेत. रंग आधीच ऊती ओळखायला खर्च झालेला असतो, आणि धूसरपणा पाहणाऱ्याला स्कॅनचाच दोष वाटू शकतो.